पास, नापास आणि लॅबचे आठ तास

१/
बंगळुरूहून मुंबईकडे येणारी उद्यान एक्स्प्रेस बोरघाट उतरत असते. खिडकीशी मुलुंडचा एक तरुण नेटवर्क अभियंता बसलेला असतो. वर्ष-दीड वर्ष नोकरी सांभाळून, रात्री जागून त्याने एका परीक्षेची तयारी केली आहे आणि आदल्या दिवशी आठ तास तो त्या परीक्षेच्या खोलीत बसून आला आहे. मोबाइलवर निकाल उमटतो : अनुत्तीर्ण. ठाण्याला उतरून, लोकल पकडून मुलुंडला घरी पोहोचेपर्यंत त्याच्या मनात एकच प्रश्न घोळत राहतो. घरी काय सांगायचे?

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर अशा कोणत्याही उपनगरात हा तरुण किंवा ही तरुणी सापडेल. इतिहासप्रेमी मित्रहो, आजचा धागा त्याच्या या एका प्रश्नाच्या इतिहासाविषयी आहे.

२/
प्रथम परीक्षेविषयी. तिचे नाव ‘सिस्को सर्टिफाइड इंटरनेटवर्क एक्स्पर्ट’. प्रचलित नाव सीसीआयई. सिस्को या अमेरिकी कंपनीने ती १९९३ मध्ये सुरू केली. बंद पडलेले मोठे जाळे समोर ठेवले असता ते कोणाच्या हातून पुन्हा चालू होईल, हे कागदावरच्या प्रश्नोत्तरांतून कळत नाही. म्हणून लेखी परीक्षेच्या पुढे लॅबची पायरी आली. खोलीत खरे राउटर, खरे स्विच, हाती कामांची यादी आणि समोर घड्याळ.

३/
उत्तीर्ण होणाऱ्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळतो. ही मोजणी १०२४ पासून सुरू झाली. १०२४ म्हणजे दोनचा दहावा घात, संगणकाच्या जगातली पूर्णांकी संख्या. तो क्रमांक कोणाही माणसाला न देता खुद्द लॅबला देण्यात आला. १०२५ हा क्रमांक सिस्कोचेच स्टुअर्ट बिग्ज यांना मिळाला आणि १०२६ कंपनीबाहेरचे पहिले यशस्वी उमेदवार टेरी स्लॅटरी यांना. सिस्कोच्या यंत्रांना आज्ञा देण्याची जी कमांड लाइन आज जगभर वापरली जाते, तिच्या फेररचनेचे नेतृत्व स्लॅटरी यांनीच केले होते. तरीही परीक्षेच्या खोलीत बसून हातचे कसब दाखवण्यातून त्यांची सुटका झाली नाही.

४/
प्रारंभीची आठ वर्षे ही परीक्षा दोन दिवसांची होती. पहिल्या दिवशी जाळे उभारायचे. पुढे बसण्याइतके गुण पडले की नाही, ते दुसऱ्या दिवशी सकाळी कळे. ज्यांचे गुण कमी पडत त्यांची परीक्षा तिथेच संपे. जे टिकत त्यांच्या जाळ्यात परीक्षक नंतर मुद्दाम बिघाड पेरून ठेवत. आपणच उभारलेली रचना कोणीतरी मोडून ठेवलेली आणि ती ठरल्या वेळात दुरुस्त करायची, अशी ती कसोटी होती.

५/
२००१ च्या ऑक्टोबरमध्ये लॅब एका दिवसाची, आठ तासांची झाली. २०२० मध्ये तिची पुन्हा आखणी झाली : पहिले तीन तास रचनेचा विचार, पुढचे पाच तास प्रत्यक्ष काम. तेव्हा शुल्क १,६०० अमेरिकी डॉलर होते. भारतातील उमेदवारांसाठी बंगळुरूचे केंद्र हेच दीर्घकाळ मुख्य ठिकाण राहिले आहे. मुंबईच्या उमेदवाराला त्यामुळे शुल्काखेरीज प्रवास, मुक्काम आणि रजा यांचाही हिशोब मांडावा लागतो. उपनगरातल्या मध्यमवर्गीय घरात हा आकडा स्वयंपाकघरापर्यंत सर्वांना ठाऊक असतो. अपयशाची वार्ताही मग घरभर पोहोचते.

६/
या परीक्षेचे दोन नियम विशेष कठोर आहेत. पहिला असा की, एखाद्या कामात दहापैकी नऊ गोष्टी बरोबर असल्या तरी अर्धे गुण मिळत नाहीत. काम चालले तर गुण, न चालले तर शून्य. त्यातही अनेक कामे एकमेकांवर उभी असतात. सकाळी नऊला झालेली एक चूक दुपारी तीनच्या कामाला पाडते.

दुसरा नियम गोपनीयतेचा. प्रश्न बाहेर कोणाशीही बोलायचे नाहीत, असे उमेदवार लिहून देतो. मॅट्रिकला नापास झालेला मुलगा प्रश्नपत्रिका घेऊन मास्तरांकडे जाऊ शकत असे. लॅबमधून परतलेल्याला तीही सोय नाही. त्याच्या हाती येते ती विभागवार टक्केवारी. नेमके कुठे चुकले ते त्याचे त्यालाच शोधावे लागते.

७/
मात्र या तरुणाच्या मनावरचे ओझे केवळ या परीक्षेचे नाही. ते कुठून आले हे पाहण्यासाठी १८५७ कडे जावे लागते. त्या वर्षी १८ जुलै रोजी मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ मध्ये झाली. शंभराहून अधिक विद्यार्थी बसले. उत्तीर्णांची संख्या बावीसपुढे गेली नाही. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर त्या मोजक्यांत होते. १८६२ मध्ये विद्यापीठाचे पहिले बी. ए. झाले ते चारच : रानडे, भांडारकर, वामन आबाजी मोडक आणि बाळ मंगेश वागळे.

कलकत्त्याची कथा याहून बोलकी आहे. १८५८ च्या पहिल्या बी. ए. परीक्षेत दोघेच उत्तीर्ण ठरले आणि त्यांनाही वाढीव गुणांचा टेकू द्यावा लागला. त्या दोघांपैकी एक होते बंकिमचंद्र चट्टोपाध्याय.

८/
म्हणजे आधुनिक परीक्षा या देशात आली तीच बहुसंख्यांना नापास करत आली. ‘नापास’ हा शब्दही त्याच काळाचे अपत्य : ‘पास’ इंग्रजी आणि ‘ना’ हा फारसीतून आलेला उपसर्ग. शब्द आधी निकालाला लागला, नंतर माणसाला लागला. ‘तो मॅट्रिक नापास आहे’ हे वाक्य व्याकरणाने वर्तमानकाळात राहिले, आणि परीक्षा होऊन वीस वर्षे लोटली तरी ते वर्तमानकाळातच राही. नोकरीच्या अर्जात, लग्नाच्या बैठकीत, नातेवाइकांच्या ओळखीत एका दिवसाची घटना माणसाचे विशेषण होऊन बसली. निकालाच्या दिवशी वर्तमानपत्रात उत्तीर्णांचे बैठक क्रमांक छापून येत. आपला क्रमांक त्यात नसणे हीच अनुत्तीर्णाची बातमी असे.

९/
महाराष्ट्राने या शिक्क्याला हळूहळू पळवाटाही शोधल्या. दहावीला अडकलेल्यांसाठी ‘ऑक्टोबरची वारी’ हा शब्दप्रयोग रूढ झाला. वारी म्हटले की पुन्हा जाणे आलेच, आणि त्यात लाज नाही. मुंबईच्या महाविद्यालयांत ‘एटीकेटी’ आली : राहिलेला विषय पाठीवर घेऊन पुढच्या वर्गात जाण्याची मुभा. २०१५ पासून दहावीची फेरपरीक्षा ऑक्टोबरऐवजी निकालापाठोपाठ, जुलैमध्ये होऊ लागली. पुढे गुणपत्रिकेवरचा ‘नापास’ हा शेराही मंडळाने वगळला.

लॅब परीक्षेला एटीकेटी नाही. राहिलेला एक विभाग पुढच्या वेळी देऊ, असे तिथे चालत नाही. सगळे पुन्हा पहिल्यापासून.

१०/
विद्यापीठाच्या या परंपरेशेजारी मुंबईत आणखी एक परंपरा वाढली : कारखान्याची आणि कार्यशाळेची. १८८७ मध्ये व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट, म्हणजे आजचे व्हीजेटीआय, स्थापन झाले. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये कारागीर प्रशिक्षण योजना आली आणि तिच्यातून औद्योगिक प्रशिक्षण संस्था उभ्या राहिल्या. अंधेरी, बोरिवली, मुलुंड येथील आयटीआय याच परिवारातल्या.

आयटीआयमध्ये फिटरचा विद्यार्थी कानशीने लोखंडाचा तुकडा घासतो. त्या तुकड्याला ‘जॉब’ म्हणतात. निदेशक व्हर्निअर लावतो. माप चुकले असेल तर जॉब बाद. विद्यार्थी दुसरा तुकडा घेतो आणि पुन्हा घासू लागतो. बाद होतो तो जॉब. मुलाला कोणी ‘बाद’ म्हणत नाही.

११/
उपनगरांतील रेल्वे स्थानकांजवळ पहिल्या मजल्यावर चालणारे टायपिंगचे वर्गही याच परंपरेतले. मिनिटाला ३० शब्द, मग ४० शब्द. ठरल्या वेळेत ठरला मजकूर, आणि चुकांची मोजदाद. तिथे ज्ञान तपासले जात नसे, बोटे तपासली जात. चाळिसाची परीक्षा हुकलेली मुलगी दुसऱ्या दिवशी त्याच यंत्रासमोर बसे. बोटे अजून तयार झालेली नाहीत, एवढाच त्या निकालाचा अर्थ होता. स्वतःविषयी त्यातून काही सिद्ध झाले आहे, असे तिला वाटण्याचे कारण नव्हते.

सीसीआयईची लॅब ही जातीने या दुसऱ्या परंपरेची परीक्षा आहे. मुलुंडचा तरुण मात्र तिचा निकाल पहिल्या परंपरेच्या भाषेत वाचतो. त्याच्या दुःखाचा मोठा भाग या चुकीच्या वाचनातून येतो.

१२/
अपयश वाचायचे कसे, याची तीन उदाहरणे.

बाळ गंगाधर टिळक डेक्कन कॉलेजात पहिल्या वर्षी परीक्षेत अनुत्तीर्ण झाले. कारण उघड होते : ते वर्ष त्यांनी व्यायामाने शरीर कमावण्यात घालवले होते. पुढे १८७७ मध्ये ते प्रथम वर्गात बी. ए. झाले, एम. ए.ची पदवी मात्र त्यांना कधीच मिळाली नाही. तरीही फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी गणित शिकवले. घाटकोपरच्या शेजारी कुर्ल्यात त्यांच्या नावाचे रेल्वे टर्मिनस आहे. तिथून गाडी पकडणाऱ्यांपैकी फार थोड्यांना त्यांचे निकाल ठाऊक असतील.

१३/
धोंडो केशव कर्वे विद्यार्थी असताना मुरुडहून साताऱ्याला परीक्षेसाठी निघाले. पावसाळ्यामुळे समुद्रमार्ग बंद होता, म्हणून ते सोबत्यांसह कुंभार्ली घाट चढून कित्येक मैल पायी गेले. साताऱ्यात पोहोचल्यावर परीक्षा समितीने त्यांना परीक्षेला बसूच दिले नाही. शरीराने लहानखुरे असल्यामुळे ते आवश्यक वयाचे वाटले नाहीत. ज्ञानाची परीक्षा झालीच नाही. दारावरच्या माणसाने केवळ चेहरा पाहिला.

लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला आले. दोन वर्षांनी लक्षात आले की, त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला भेद नीट कळत नाही. त्यांनी रंग सोडले आणि यांत्रिक रेखनाकडे वळले. त्याच बळावर ते व्हीजेटीआयमध्ये शिक्षक झाले. तिथे बढती डावलली गेल्यावर नोकरी सोडली, बेळगावला सायकलींचे दुकान चालवले आणि पुढे लोखंडी नांगर घडवला. तो शेतकऱ्यांच्या गळी उतरवायलाही त्यांना दोन वर्षे लागली.

१४/
ही तीन अपयशे एकाच नावाने ओळखली जातात, पण त्यांची कारणे एकमेकांशी जुळत नाहीत. टिळकांचा वेळ दुसरीकडे गेला होता. कर्व्यांना दारातच अडवले गेले. किर्लोस्करांना आपल्या शरीराची एक मर्यादा कळली. म्हणून उपायही निराळे : एकाने पुन्हा अभ्यास केला, एकाने पुन्हा वाट चालली, एकाने विषय बदलला.

नेटवर्क अभियंत्याला ही पद्धत नवी नाही. जाळे बंद पडले की तो प्रथम थर शोधतो. केबल सुटली आहे का? पोर्ट बंद आहे का? मार्ग चुकला आहे का? वरच्या थरात दिसणारा बिघाड पुष्कळदा खालच्या थरातून आलेला असतो. निकालालाही हेच लागू पडते. विषय कच्चा होता की हात संथ होता? प्रश्न नीट वाचला नाही की आदल्या रात्री झोप लागली नाही? दुपारनंतर मन खचले की सकाळची एक चूक शेवटपर्यंत नडली? यांतल्या प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे, आणि ‘मीच कमी पडलो’ या उत्तराने त्यांतला एकही इलाज सापडत नाही.

१५/
ज्या जाळ्याची ही परीक्षा घेतली जाते, त्या जाळ्याचा इतिहास तरी निर्दोष आहे का?

भारतातील त्याचे एक जन्मस्थान मुंबईच्या उपनगरातच आहे. जुहूला १९८५ मध्ये नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी ही संस्था स्थापन झाली. श्रीनिवासन रमणी तिचे संचालक होते. १९८६ मध्ये सुरू झालेल्या अर्नेट प्रकल्पात ही संस्था, पवईची आयआयटी, इतर चार आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि केंद्राचा इलेक्ट्रॉनिक्स विभाग असे आठ घटक होते. साध्या टेलिफोनच्या तारेवरून जुहू आणि पवई यांच्यात देशातल्या सुरुवातीच्या ई-मेलची देवघेव झाली. ज्या काळी फोन लागणे हीच घरात सांगण्यासारखी गोष्ट होती, त्या काळातले हे काम आहे.

१६/
त्याच १९८६ च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिफोर्नियात इंटरनेट कोलमडले. बर्कलेचे विद्यापीठ आणि तिथली लॉरेन्स प्रयोगशाळा यांच्यात अंतर जेमतेम ४०० यार्ड. पण त्यांच्यातला वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर आला. व्हॅन जेकबसन यांनी कारण शोधले. पाठवलेला मजकूर हरवला की प्रत्येक यंत्र तो घाईघाईने पुन्हा पाठवत होते. त्यामुळे गर्दी वाढत होती, आणखी मजकूर हरवत होता, आणि घाई आणखी वाढत होती.

१९८८ मध्ये त्यांनी उपाय मांडला. मजकूर हरवला की वेग कमी करायचा. पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी थांबायचे. पुन्हा हरवला तर अधिक थांबायचे. मग थोडे पाठवायचे, पोच मिळाली की किंचित वाढवायचे. याला ‘स्लो स्टार्ट’ म्हणतात. लॅबचा उमेदवार हा नियम परीक्षेसाठी शिकतो. निकालाच्या रात्री रागाच्या भरात पुढची तारीख नोंदवताना त्याला तो आठवत नाही.

१७/
मुंबईचे उदाहरण त्यानंतर नऊ वर्षांचे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. प्रारंभ अडखळत झाला. जोडणी मिळेना, मिळाली तर टिकेना. तक्रारींचा पाऊस पडला. निगमाचे प्रमुख बी. के. सिंगल यांनी जाहीरपणे चूक कबूल केली आणि दुरुस्तीसाठी मुदत मागितली. सेवा पुढे सुधारली आणि सहा महिन्यांत सुमारे १०,००० ग्राहक झाले.

देशाच्या इंटरनेटचा पहिला प्रयत्नही अशा रीतीने एका अर्थी नापासच होता. तो सावरला तो लपवल्याने नव्हे. काय झाले, का झाले आणि किती दिवस लागतील, एवढे तीन मुद्दे लोकांसमोर मांडले गेले आणि कामाला लागण्याइतकी सवड मिळाली.

१८/
मुलुंडच्या तरुणाच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा याच तीन मुद्द्यांत आहे. घरी सांगायचे ते एवढेच : लॅब या वेळी निघाली नाही, अमुक भागात वेळ पुरला नाही, पुढचा प्रयत्न इतक्या महिन्यांनी, इतक्या खर्चात, आणि तो झेपत नसेल तर तसेही स्पष्ट. थांबण्याचा निर्णय हाही निर्णयच असतो. किर्लोस्करांनी रंग सोडले ते पळून जाण्यासाठी नव्हते.

तयारीची साधने आज पूर्वीपेक्षा पुष्कळ सुलभ आहेत. एके काळी सरावासाठी जुन्या राउटरांचा रॅक विकत किंवा भाड्याने घ्यावा लागे आणि बोरिवलीच्या एका खोलीच्या घरात त्याच्या पंख्यांच्या आवाजाने कोणाला झोप लागत नसे. २००५ च्या सुमारास डायनामिप्स हे सॉफ्टवेअर आले आणि राउटर साध्या संगणकात चालू लागले. तेव्हापासून पुन्हा सराव करण्यासाठी निदान घरात वेगळी जागा शोधावी लागत नाही.

१९/
शेवटी पुन्हा त्या क्रमांकांकडे. १०२५ पासून आजवर हजारो क्रमांक दिले गेले आहेत. त्यांपैकी कोणी पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाले, कोणी चौथ्या. प्रमाणपत्रावर क्रमांक असतो, तारीख असते. प्रयत्नांची संख्या कुठेही लिहिलेली नसते. विद्यापीठाच्या जगाने नापासाला माणसाचे विशेषण केले. लॅबने, इतकी कठोर असूनही, तसे केलेले नाही. तिच्या लेखी तो त्या दिवशीचा बाद जॉब होता, आणि खोलीत दुसरा तुकडा ठेवलेलाच आहे.

ठाणे आले की तरुणाने सामान उचलावे. घरी दार उघडणाऱ्या आईला निकाल आधी सांगावा, चहा नंतर मागावा.